सीक्यू, सीक्यू, शिकू!

लहरीकाकांना लहरीकाका का म्हणतात, याची दोन कारणं सांगितली जात. काका स्वतः जे सांगत ते शास्त्रीय होतं. हवेतून धावणाऱ्या रेडिओलहरींवर स्वार होऊन ते घरबसल्या जगाशी बोलत, म्हणून लहरी. दुसरं कारण काकू सांगत. ते शास्त्रीय नव्हतं, पण लोकांना तेच जास्त पटे.

काका पाणीपुरवठा कार्यालयात आरेखक होते. दिवसभर जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी रेडिओच्या सेटसमोर बसून आभाळात डोकं खुपसायचं, असा त्यांचा दिनक्रम. मध्ये जी जमीन उरते तिच्यावर काय चाललंय, हे बघायला त्यांना कधी सवड झाली नाही. त्यात काकू टेलिफोन खात्यात सुपरवायझर. ज्या माणसाची बायको टेलिफोन खात्यात आहे त्याला चार माणसांशी बोलायला गच्चीवर तार कशाला ताणावी लागते, हा प्रश्न अख्ख्या इमारतीला पडलेला होता.

आता ती तारच संकटात आली होती. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत गेलेली ही तार म्हणजे काकांच्या सेटची अँटेना. इमारतीत काहीही बिघडलं की लोक आधी वर बघत. टीव्हीवर मुंग्या आल्या, तारेमुळे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तारेमुळे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची कवळी सैल झाली तीसुद्धा तारेमुळेच. सोसायटीचे अध्यक्ष जकात खात्यातून निवृत्त झालेले होते आणि त्यांचा गुडघा दुखत असे. तो नेमका काका सेटवर बसले की दुखतो, असं त्यांचं निरीक्षण होतं.

अध्यक्षांची आणखी एक दुखरी बाजू होती. जकात नाक्यावर त्यांनी शिटी मारली की ट्रक थांबत. इथे सभेत त्यांनी तोंड उघडलं की लोक थांबत नसत. त्यांची वाक्यं लांबलचक असत आणि सोसायटीच्या इतिहासात त्यातलं एकही पूर्ण झालेलं कुणाला आठवत नव्हतं. कुणीतरी मध्येच पाण्याचा विषय काढी, कुणी पार्किंगचा, आणि अध्यक्षांचं क्रियापद तसंच घशात राही.

तारेचा विषय ज्या सभेत निघाला, त्या सभेतही तसंच झालं. "गच्चीवरची जी तार आहे ती तार, म्हणजे माझं असं म्हणणं आहे की..." इथवर अध्यक्ष आले आणि तळमजल्यावर राहणाऱ्या स्काउटमास्तरांनी हात वर केला. पुढच्या रविवारी तळ्याकाठच्या मैदानावर त्यांच्या स्काउटच्या मुलांचं शिबिर होतं. प्रमुख पाहुणे खुद्द अध्यक्षच होते. मुलांना सापांची माहिती देणारे गृहस्थ ऐन वेळी आजारी पडले होते. त्यांना साप चावला नव्हता, पडसं झालं होतं. तर त्यांच्या जागी लहरीकाकांनी येऊन मुलांना रेडिओ दाखवावा, अशी मास्तरांची विनंती होती.

काका उभे राहिले. "दाखवतो. त्यात काय? मुलांच्या देखत परदेशातल्या माणसाशी बोलून दाखवतो."

अध्यक्षांनी संधी साधली. "ठरलं तर मग. रविवारी माझ्यासमोर, माझ्या कानांना ऐकू येईल असा, बाहेरचा एक तरी माणूस तुमच्याशी बोलला पाहिजे. बोलला, तर तार राहील. नाही बोलला, तर सोमवारी गच्ची मोकळी."

हे वाक्य तेवढं पूर्ण झालं. काका म्हणाले, "मंजूर."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "आणि नाहीच बोललं कुणी तर?"

"अगं, आकाशात चोवीस तास माणसं बोलत असतात. हाक मारली की ओ येतेच."

"इथे मी समोर बसून हाक मारते तर ओ येत नाही," असं म्हणून काकू आत गेल्या.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. औषधांचं दुकान असलेले शेजारी तर दिवसातून तीनदा, जेवणानंतर येत. सल्ले देण्याच्या या सवयीमुळेच त्यांना डोसभाऊ हे नाव पडलं होतं. त्यांचा सल्ला असा की नशिबावर कशाला विसंबायचं? सेटच्या मागे कनात लावा. कनातीमागे आपला एक माणूस बसवा. वेळ आलीच तर तो नाक दाबून बोलेल. नाक दाबलं की माणूस परदेशातला वाटतो.

"असली लबाडी मी करणार नाही," काका कडाडले. "मी पाणीखात्यात नोकरी करूनसुद्धा आजवर कधी खोटं बोललेलो नाही."

"मी आपलं सुचवलं," डोसभाऊ म्हणाले. पण उठताना त्यांनी दोन बोटांत नाक धरून थोडा सराव केला, हे काकांच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं.

मैदान उद्यान विभागाच्या ताब्यात होतं, म्हणून परवानगी लागत होती. शिबिराची परवानगी मास्तरांनी घेतलेली होती, पण काकांनी जाऊन तारेचा विषय काढताच खिडकीतल्या कारकुनाने पेन खाली ठेवलं.

"तार लावणार म्हणजे बांधकाम."

"बांधकाम नाही हो. दोन बांबू, मध्ये तार. संध्याकाळी काढून घेणार."

"झाडाला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"तारेवर काय होणार?"

"तारेवर काही होत नाही. तारेतून होतं. म्हणजे दिसत काहीच नाही."

कारकुनाने समोरचा छापील तक्ता पाहिला. मैदानाचा वापर कशासाठी, याचे त्यात चारच प्रकार होते: लग्न, सभा, चित्रीकरण आणि सर्कस. काकांनी रेडिओलहरी म्हणजे काय हे समजावून सांगायला सुरुवात केली. मागे रांग वाढत गेली. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग तो म्हणाला, "हे बघा, बांबू आहेत, तार आहे, बघायला मुलं आहेत. मी सर्कस लिहितो."

"अहो, सर्कस कशी?"

"प्राण्यांविना लिहितो ना. तुमच्यासाठी एवढं करतो."

रांगेतल्या लोकांनी काकांकडे आदराने पाहिलं. काका घरी आले ते सर्कशीचे मालक होऊन. काकूंना त्यांनी फक्त 'परवानगी मिळाली' एवढंच सांगितलं. प्रत्येक तपशील बायकोला सांगायलाच हवा असं नाही, विशेषतः जिच्या हाताखाली अख्खं टेलिफोन एक्सचेंज आहे तिला.

रविवारी सकाळी टेम्पोत सेट, दोन बॅटऱ्या, बांबू, तारेचं भेंडोळं आणि काकांनी तीन रंगांत काढलेला मैदानाचा नकाशा चढवला. चहाचा थर्मास घेऊन काकूही पुढे बसल्या. तुम्ही कशाला येता म्हणून टेम्पोवाल्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "यांना परत कुणीतरी आणायला हवं ना."

मैदान छान होतं. हिरवळ होती, पलीकडे तळं, काठाने झुडपं, तंबूंची रांग. मास्तर शिटी फुंकत फिरत होते आणि मुलं-मुली गळ्यात स्कार्फ बांधून, गुडघ्यापर्यंत मोजे ओढून कामाला लागली होती. काकांनी हिरवळीवर तार सरळ पसरली, एक टोक तळ्याकडे, एक तंबूंकडे, आणि बांबू आणायला टेम्पोकडे गेले.

परत आले तर तार नव्हती. तिच्या जागी एक सुबक वेटोळं होतं. मध्यभागी घट्ट गाठ, गाठीची दोन टोकं सारख्या लांबीची. बाजूला एक मुलगी सलाम ठोकून उभी होती.

"तुमची तार पसरली होती, सर. आवरून ठेवली."

काकांनी तिचे आभार मानले. मुलं शिस्तीची आहेत याचं त्यांना कौतुकच वाटलं. पुन्हा तार उलगडली, बांबू रोवले, तार वर चढवली. झाडाला हात लावायचा नसल्यामुळे ती फार उंच गेली नाही, माणसाच्या डोक्यावर वीतभर, एवढीच. मग शिबिरासाठी लावलेल्या कनातीच्या सावलीत टेबलावर सेट मांडला, बॅटरी जोडली, कानाला हेडफोन लावला. आकाशात चिडीचूप. बघतात तर बांबू आडवे, त्यांच्या शेजारी तार. या वेळी वेटोळं इंग्रजी आठाच्या आकाराचं होतं आणि सलाम ठोकणारी मुलं दोन होती.

काकांनी मास्तरांना गाठलं. मास्तरांनी डोक्यावरची टोपी सरळ केली.

"त्याचं असं आहे काका, आमच्या मुलांना रोज एक सत्कृत्य करावं लागतं. एरवी कुणा म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यायचा, कुणाची पिशवी उचलायची. इथे मैदानावर म्हातारा नाही आणि रस्ताही नाही. सकाळपासून पोरं हवालदिल झाली होती. तुम्ही आलात आणि मोठीच सोय झाली."

"अहो, पण ती तार पसरलेलीच असते!"

"ते तुम्हाला माहीत. मुलांना ती पसारा दिसते. आणि चांगलं काम केलं म्हणून रागवायचं तरी कसं?"

काका बांबू उचलून परत निघाले. त्यांनी तिसऱ्यांदा तार चढवली आणि मुलांचं लक्ष तारेवरून काढण्यासाठी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. सेट कसा चालतो ते सांगितलं. हे बटण दाबून धरलं की आपण बोलायचं. सोडलं की समोरच्याने. आपलं बोलणं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे त्याला कळतं की आता त्याची पाळी. एकाने बटण दाबलेलं असताना दुसऱ्याला मध्ये बोलताच येत नाही. आणि पहिली हाक मारायची ती 'सीक्यू' अशी. म्हणजे आकाशात जो कुणी ऐकत असेल त्याने ओ द्यावी.

"म्हणा, सीक्यू."

"शिकू!" मुलं एका सुरात ओरडली.

"शिकू नव्हे. सी. क्यू."

"शि. कू."

"जिभेचा शेंडा वर नेऊ नका. सी..."

"शी..."

"तसं नव्हे!"

काकू थर्मासचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "राहू द्या ना. शिकायलाच तर आलीत."

काकांनी हात टेकले. एवढ्यात मैदानाच्या फाटकाकडून कालवा ऐकू येऊ लागला. उद्यान विभागाच्या रखवालदाराने परवानगीचा कागद वाचला होता आणि मनापासून काम करणारा माणूस असल्यामुळे फाटकावर खडूने पाटी लिहिली होती: 'आज सर्कस'. सुट्टीचा दिवस. लोक मुलाबाळांना घेऊन, चटया घेऊन आत शिरत होते. चार-दोन कुटुंबांनी तारेखालच्या चांगल्या जागा धरल्या. एका बाईंनी काकांना विचारलं, "तारेवरून चालणारी बाई कधी येणार?"

"बाई नाही. लहरी चालतात," काका म्हणाले.

बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "लहरी म्हणून कुणी बाप्या आहे."

काकूंनी काकांकडे नुसतं पाहिलं. एक्सचेंजमध्ये चुकीचा नंबर जोडणाऱ्या मुलींकडे त्या असंच बघत असणार.

याच वेळी अध्यक्ष आले. एवढी गर्दी पाहून ते चकित झाले आणि मग प्रसन्न. लोक आपल्यासाठीच जमलेत याबद्दल त्यांच्या मनात शंका राहिली नाही. मास्तरांनी शिटी मारली, मुलांनी सलाम केला आणि अध्यक्षांनी भाषणाला सुरुवात केली. "आजच्या या प्रसंगी मला असं मनापासून वाटतं की, आजची जी मुलं आहेत ती मुलं, म्हणजे उद्याचे जे कोणी..."

"सर्कस चालू करा!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या वेळी एक लहान मूल जोकर कुठेय म्हणून रडू लागलं आणि अध्यक्षांकडे बोट दाखवू लागलं. अध्यक्ष लालबुंद होऊन खुर्चीवर बसले. क्रियापद याही खेपेला घशात राहिलं.

"चला, लहरी," ते गुरगुरले. "बोलवा तुमचा परदेशी माणूस."

काकांनी स्पीकर मोठा केला, बटण दाबलं, आपल्या परवान्यावरची ओळखीची खूण सांगितली आणि अत्यंत शुद्ध स्वरात हाक मारली. "सीक्यू, सीक्यू, सीक्यू." बटण सोडलं. स्पीकरमधून खर्रर्र आवाज आला. पुन्हा हाक, पुन्हा खर्रर्र. काका डगमगले नाहीत. हे सूर्यामुळे होतं, लहरी परतवणारा आभाळातला थर दुपारी जरा कमजोर पडतो, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"म्हणजे सूर्यसुद्धा तुमच्या विरोधात?" अध्यक्ष म्हणाले.

काका हाका मारत राहिले. घसा बसू लागला. गर्दीतले लोक चटया गुंडाळू लागले. बॅटरीचा चिमटा सैल झाल्याची शंका आली म्हणून काकांनी सेट बंद केला, वायर काढून हातात घेतली, आणि तेवढ्यात स्वच्छ, खणखणीत, नाकातला आवाज आला.

"हॅलो हॅलो! मी परदेशातून बोलतोय! इकडे सगळं ठीक!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. लोक परत बसले. काका मात्र हातातल्या सुट्या वायरकडे बघत उभे राहिले. अध्यक्षांनी वायरकडे पाहिलं, सेटच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि मग कनातीकडे.

"इकडे थंडी खूप आहे!" कनात म्हणाली.

माग काढणं हा स्काउटच्या शिक्षणाचा भागच असतो. दोन मिनिटांत चार मुलांनी डोसभाऊंना कनातीमागून बाहेर आणलं. त्यांचं नाक अजून बोटांतच होतं.

"नाक सोडा," अध्यक्ष म्हणाले. डोसभाऊंनी सोडलं. अध्यक्ष काकांकडे वळले. "लबाडी! मुलांसमोर! मी उद्याची वाट बघत नाही. आज संध्याकाळीच गच्चीवरची तार खाली उतरवतो."

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं," काका म्हणाले, पण घसा बसल्यामुळे ते फक्त काकूंना ऐकू गेलं.

तिथे काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तार गेली असती तर गेली असती. पण आपण नाक दाबून माणसं उभी करणारे ठरलो, हे त्यांना सोसवेना. ते ताडताड मैदानातल्या तारेकडे निघाले. आपल्या हातानेच ती उतरवावी, असंच त्यांच्या मनात होतं. तारेपाशी पोचले आणि थबकले. तळ्याकडच्या अर्ध्या तारेवर ओले टॉवेल, मोजे आणि एक सतरंजी वाळत होती. ओझ्याने बांबू वाकून तार गवताला टेकली होती. शेजारी एक मुलगा सलाम ठोकून उभा.

"सगळ्यांचे कपडे वाळत घातलेत, सर. एकट्याने."

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. गवतावर लोळणारी, ओल्या सतरंजीने लादलेली तार! तिच्यातून आवाज तळ्यापलीकडेही गेला नसता. दोष आकाशाचा नव्हता, सूर्याचाही नव्हता. त्यांनी बसक्या आवाजात मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, आज सगळ्यांचं सत्कृत्य एकच. या तारेला कुणीही हात लावायचा नाही."

मास्तर विचारात पडले. "न करणं हे कृत्य धरता येईल का?"

"मास्तर!" मागून काकू म्हणाल्या. मास्तरांनी तत्काळ शिटी मारली.

कपडे उतरले, बांबू सरळ झाले, तार आभाळात ताणली गेली. काकांनी सेट चालू केला. अध्यक्षांनी हातातली काठी आपटली. "आता काय राहिलंय?"

"एक हाक," काका म्हणाले. म्हणजे तसे त्यांचे ओठ हलले. आवाज फुटेना. आपली खूण तेवढी त्यांनी कशीबशी घोगऱ्या स्वरात सांगितली आणि माईक मुलांपुढे धरला. करण्यासारखं कुठलंच सत्कृत्य न उरल्यामुळे सगळी मुलं टेबलाभोवती दाटीवाटीने उभी होती. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"शिकू! शिकू! शिकू!"

काकांनी कपाळाला हात लावला आणि बटण सोडलं.

खर्रर्र. मग खरखरीच्या पार पलीकडून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"अरे, कोण शिकतंय तिकडे? ओव्हर."

सगळ्यांनी एकदम डोसभाऊंकडे पाहिलं. डोसभाऊंनी दोन्ही हात वर केले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. चार मुलं कनातीमागे पळाली, दोन झुडपांत शिरली. तिथे कुणी नव्हतं.

आवाज पुन्हा आला. तो एका लांबच्या बेटावरच्या घड्याळजीचा होता. पोटापाण्यासाठी तरुणपणी तिकडे गेला, तिकडेच राहिला. रोज सेट लावून बसायचा, सीक्यूच्या हाका दिवसभर कानावर पडायच्या, त्यांना ओ देण्याचाही कंटाळा आला होता. आज मात्र एकाएकी 'शिकू' ऐकू आलं. आपल्या भाषेतला शब्द त्याने कित्येक वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"पुन्हा म्हणा रे बाळांनो," तो म्हणाला. "ओव्हर."

मुलांनी पुन्हा म्हटलं. यावेळी काकांनी दुरुस्ती केली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि घसा बसलेला होताच. मुलांनी विचारलं तिकडे किती वाजले, तुमच्याकडे किती घड्याळं आहेत, बेटावरून खाली पडायला होतं का. घड्याळजी एकेकाला उत्तर देत गेला. सर्कशीला आलेले लोक चटयांवर बसून मन लावून ऐकत होते. कुणी प्राण्यांची चौकशी केली नाही.

"थांबा," अध्यक्ष उठले. "हा खरा कशावरून? मी उलटतपासणी घेतो." त्यांनी माईक हातात घेतला, बटण दाबलं आणि जकात नाक्यावरच्या आवाजात सुरुवात केली. "मी इथल्या सोसायटीचा अध्यक्ष बोलतोय, आणि माझं असं म्हणणं आहे की, ही जी तार आहे, ती तार माझ्या गच्चीवर आल्यापासून माझा जो गुडघा आहे..."

इथे ते सवयीने थांबले. कुणी मध्ये बोललं नाही. बटण दाबलेलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जपून पुढे पाऊल टाकलं. "...तो गुडघा रात्री दुखतो, आणि मी हे सभेत चार वेळा मांडायचा प्रयत्न केला, परंतु मंडळी मला बोलू देत नाहीत, आणि घरी मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर बोलायला कुणी नसतं, असं माझं म्हणणं आहे."

वाक्य संपलं. क्रियापदासकट संपलं. अध्यक्षांना त्याचं इतकं नवल वाटलं की ते बटण सोडायचंही विसरले. काकांनी हलकेच त्यांचा अंगठा बाजूला केला.

"ऐकलं सगळं," बेटावरचा आवाज म्हणाला. "गुडघा डावा की उजवा? आणि घाई करू नका, सावकाश सांगा. मला दुकान बंद केल्यावर दुसरं काम नसतं. ओव्हर."

अध्यक्ष सावकाश खुर्चीवर बसले. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, काठी बाजूला ठेवली आणि बटण दाबलं.

"डावा," ते म्हणाले.

मग त्यांनी डाव्या गुडघ्याचं सांगितलं, मग उजव्याचं. जकात नाक्याचं सांगितलं, निरोपसमारंभात अर्धं राहिलेलं भाषण पूर्ण केलं, आणि दरवेळी पलीकडून 'हं, मग?' येत राहिलं. ऊन कललं. लोक उठून गेले. डोसभाऊ कुणाच्याही नकळत निसटले. मास्तरांनी सामान आवरायची शिटी मारली, तशी मुलं तारेकडे आशेने बघू लागली.

काकांना आता चांगलाच हुरूप आला होता. तार वाचली होती, इज्जत वाचली होती. त्यांनाही त्या घड्याळजीशी चार शब्द बोलायचे होते. त्याचा सेट कुठला, तार केवढी, खूण काय, कितीतरी विचारायचं होतं. ते अध्यक्षांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. थोडं खाकरले. अध्यक्षांनी लक्ष दिलं नाही. काकांनी त्यांच्या खांद्याला हळूच बोट लावलं.

"साहेब, तारेचं तेवढं नक्की ना? आणि मी एक मिनिट जरा..."

अध्यक्षांनी मागे न बघता, बटणावरचा अंगठा न हलवता, मोकळा हात माशी हाकलावी तसा हवेत झटकला. "थांबा हो! मध्ये बोलू नका!"

काका तसेच उभे राहिले, तोंड अर्धं उघडं ठेवून. शेजारी काकू येऊन उभ्या राहिल्याचं त्यांना जरा वेळाने कळलं. काकू रागावलेल्या नव्हत्या, हसतही नव्हत्या.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्या खुर्चीमागे मी अशीच उभी असते."

काकांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. फार वाईट वाटलं त्यांना. त्यांनी कनातीजवळचा बाक ओढला, रुमालाने पुसला आणि काकूंना बसायला जागा करून दिली. मग स्वतः शेजारी बसले.

"बोल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काय सांगायचं होतं?"

"आता कुठून सुरुवात करू?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सुरुवात केली. काका मध्ये एकदाही बोलले नाहीत.